आरएनएचं सोवळं

आमच्या बाई देवाला भीत नसत, डायरेक्टरला तर नाहीच नाही. भीत फक्त माणसाच्या तळहाताला. तारनाक्याच्या आमच्या प्रयोगशाळेत आरएनएच्या टेबलाकडे कुणी फिरकलं, की नमस्काराच्या आधी "हात धुतलेस का?" हा प्रश्न यायचा. माणसाच्या घामात आणि थुंकीत आरएनएचे नाजूक धागे कापणारी एन्झाइम्स असतात, एवढं खरं. पण त्यावर बाईंनी जे सोवळं उभारलं होतं, ते पाहून एखादा भटजीसुद्धा घाबरला असता. हातमोज्यांवर हातमोजे, टेबलापाशी तोंड बंद, शिंक आली तर जिना उतरून आवारात जायचं. आम्ही त्यांना 'सोवळ्याच्या बाई' म्हणायचो आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गंमत म्हणजे नल्लकुंट्याच्या आपल्या घरातलं सोवळं त्यांनी कॉलेजात असतानाच धुडकावून लावलं होतं. संध्याकाळी गाडीवरची मिरची भजी उभ्याने खायच्या. भजीवाला लुंगीला हात पुसायचा आणि त्याच हाताने भजी द्यायचा. मी तोंड वाकडं केलं, तर म्हणाल्या, "पोटात ॲसिड असतंय गं, ट्यूबमध्ये नसतंय. खा गुमान." साडीवर त्यांचा विशेष राग. "पाच वार फडकं ते! पदर ट्यूबवर पडला की महिन्याची मेहनत पाण्यात." जन्मभर सलवार-कमीझच घातली.

मी पुण्याहून आले, ती त्यांच्याकडे पीएचडी करायला. काम साधं होतं. पेशींवर विषाणू सोडायचा, मग त्या पेशींतला आरएनए काढून तपासायचा. माझा आरएनए दर वेळी तुटलेला निघायचा. निरोगी पेशींचा बाई स्वतः काढत, कारण त्यांच्या हातांवर त्यांचा विश्वास होता. तो धडधाकट निघायचा. मग दोष कुणाच्या हातांचा, हे सांगायची गरजच नव्हती.

माझ्याआधी हेच काम वैशाली नावाची मुलगी करत होती. तिचाही आरएनए असाच तुटायचा. बाईंनी तिला टेबलावरून उठवलं, तिने पीएचडी सोडली आणि सुलतान बाजारातल्या वडिलांच्या कापड दुकानात जाऊन बसली. नव्या मुलांना ही गोष्ट धाक घालायला सांगितली जायची. एके दिवशी माझी पाळी आली. बाई म्हणाल्या, "तुझे हात ओले आहेत गं. हे काम तुला जमणार नाही. नक्को, दुसरं काहीतरी बघ." माझं डोकं सटकलं. "मग तुम्हीच करून दाखवा ना," मी म्हटलं.

बाईंनी करून दाखवलं. विषाणूवाल्या आणि निरोगी, दोन्ही पेशी एकाच टेबलावर, त्याच सोवळ्या हातांनी. शेवटी आरएनएच्या पट्ट्यांचा फोटो काढला, तर निरोगी पेशींचा आरएनए शाबूत होता आणि विषाणूवाल्यांचा तुटलेला.

बाईंनी तो फोटो डोळ्यांजवळ धरला. मग हातमोजा काढून त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "हातानं नासलं तर ओघळल्यासारखं दिसतंय. हे बघ, ठरल्या जागी तुटलंय. आपण नाही गं, पेशीच तोडायलीय!"

विषाणू आत शिरला, की पेशी झोपलेली एक कात्री जागी करते. ती कात्री विषाणूचा आरएनए कापते आणि पेशीचा स्वतःचाही. आपपर बघत नाही. बाई म्हणाल्या, "चोर चुलीपाशी आला म्हणून बाईनं घरातली सगळी भांडी फोडली. आता कर म्हणावं स्वयंपाक!" हे सगळं पुस्तकात केव्हाचं छापलेलं होतं. पण आरएनए तुटलेला दिसला की आमच्याकडे पुस्तक उघडत नसत, नळ उघडत.

मी सुटले होते, नाचायचीच बाकी होते. बाई मात्र स्टुलावर बसल्या. "वैशालीचं पण असंच तुटायचं," एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या रिक्षाने सुलतान बाजारात गेल्या. दुकानात बायकांची ही गर्दी. बाईंनी गादीवर चढून, सगळ्यांदेखत, तो फोटो वैशालीच्या हातात दिला. "तुझे हात चांगले होते गं. चूक माझी होती."

वैशालीने फोटो पाहिला. तिला सगळं कळलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "मी म्हटलं होतं ना मॅडम, रोज हात धुते म्हणून," ती म्हणाली. मग समोरचं कापडाचं थान गुंडाळायला लागली. ते बाजूला ठेवून म्हणाली, "आता आलाच आहात, तर गिऱ्हाइकाची जागा अडवू नका. एक ब्लाउजपीस तरी घ्या." बाईंनी पैसे मोजून एक घेतलं.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यांचं घर आवरायला मी आणि वैशाली गेलो होतो. कपाट उघडलं, तर आत ब्लाउजपीसांच्या चळतीच्या चळती, सगळ्या वैशालीच्या दुकानातल्या. एकही शिवलेलं नव्हतं. आणि घरात साडी एकसुद्धा नव्हती.

"दर दिवाळीला यायच्या," वैशाली म्हणाली. "मला वाटायचं, कुणाला तरी देत असतील." तिने वरचं एक पीस उचललं आणि दुकानातल्या सवयीने त्याची घडी नीट करायला गेली. ती घडी काही तिला जमेना. मग मीच तिचे हात धरले. चांगलेच ओले होते.