भोंगा तपासायची तबकडी

सासर सोडून मी हिंगणघाटला शाळेत नोकरीला लागले, तेव्हा खोली मिळाली ती लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्याच्या दुकानाला लागून. सत्तरच्या दशकाची अखेर असेल. एकट्या बाईला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं, आणि भोंग्याशेजारी राहायला कोणी तयार नव्हतं, जमलं आमचं.

लग्नसराईत दुकानदार रोज सकाळी भोंगे तपासायचा. त्यासाठी त्याची एकच ठरलेली तबकडी होती. पाकिटावर धोतर नेसून गळ्यात टाय बांधलेला एक गायक, खांद्यावर बकरीचं पिल्लू. हा गृहस्थ सुरात शिंकायचा, बकरीसारखा ओरडायचा, स्वतःच्या घोरण्यावर ताल धरायचा. "हे कोणी मांगत नाई बाई. घासली तं घासली," दुकानदार म्हणायचा आणि जवळच्या जिनिंग गिरणीतून उडत आलेलं कापसाचं तूस सुईवरून फुंकून ती तबकडीवर ठेवायचा.

पहिलंच गाणं नवरा-बायकोच्या भांडणाचं. भाजीत मीठ जास्त झालं, तिथून सुरू. मग सासू मध्ये पडते, बकरी मध्ये पडते, बायको ट्रंक उचलून स्टेशन गाठते. गाडीची शिट्टी होते. भोंगा नीट आहे की नाही हे त्या शिट्टीवर कळायचं, म्हणून दुकानदार तिथेच सुई उचलायचा. बायको रोज गाडीत बसायची आणि रोज तिथेच राहायची.

सुरुवातीला मी कानात बोळे घातले. पुढे पुढे शिट्टी झाल्याशिवाय माझा पाय शाळेकडे निघेना. माणूस येडपट असेल, पण गळा पक्का होता. एवढ्या चेष्टेत सूर कुठे हलत नव्हता. माझा जीव मात्र शिट्टीनंतरच्या गाण्यात अडकला होता. नवरा तिला आणायला जातो का? मला आणायला कोणी आलं नव्हतं. आलं असतं तरी मी गेले नसते. पण कोणीतरी दारात यावं आणि मी नाही म्हणावं, एवढं तरी व्हावं असं फार वाटायचं.

शेवटी एका रविवारी दुकानात गेले आणि म्हटलं, "आज पुढचं वाजवा."

"काऊन जी बाई? पुढं काई मजा नाई त्याच्यात."

"वाजवा हो."

शिट्टी झाली. गाडी गेली. तबला थांबला. पाट सरकल्याचा आवाज आला, मग ताट ठेवल्याचा. जरा वेळाने नवऱ्याने बायकोचा आवाज काढला आणि स्वतःलाच विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?" मग आपल्या आवाजात म्हणाला, "बरोबर आहे गं." गाणं संपलं.

मला संतापच आला. मेल्या, आणायला जायचं सोडून आवाज कसले काढतोस!

"सारे आवाज त्या एकट्याचेच हायेत," दुकानदार हसून म्हणाला. "सासूचा, बायकोचा, बकरीचाई. दुसरं कोणी नाईच त्याच्यात."

इतके दिवस मी ते भरलं घर समजत होते. तिथेच, भोंग्यांच्या मध्ये उभ्या उभ्या, मला रडू फुटलं. बिचारा दुकानदार गडबडून पाणी आणायला धावला.

पुढे कॅसेटी आल्या. दुकानदाराने तबकड्या काढून टाकल्या, ही एक मात्र माझ्या हातात आणून दिली. माझ्याकडे ती वाजवायला काही नव्हतं. भिंतीला टेकवून ठेवली आणि स्वयंपाकाला लागले. भाजीत त्या दिवशी मीठ खरोखरच जास्त पडलं. ताट घेऊन बसले, पहिला घास घेतला, आणि जमेल तसा पुरुषी आवाज काढून म्हटलं, "बरोबर आहे गं."