चिठ्ठीत निघालेलं नाव

घरतसरांना कुणाला नाही म्हणता येत नाही, हा त्यांचा एकच दुर्गुण. तुम्ही म्हणाल, हा काय दुर्गुण झाला? इतकी वर्षं मीही तेच म्हणत आले. आता कुणी म्हटलं तर माझ्या डोक्यात तिडीक जाते.

दत्तात्रेय घरत आमच्या हायस्कूलचे पी.टी.चे मास्तर. मी गणित शिकवते, ते पोरांना पळवतात. मूळचे उरणकडचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. त्यांच्या वडलांची पावलं मिठानं चिरली होती, चपला घालवत नसत, असं सर सांगायचे. नोकरी लागली म्हणून चौलला आले, बायकोही इथलीच केली आणि इथलेच होऊन गेले. बाजारातून चालले की दोन्ही बाजूंनी हाका येतात. कुणाच्या पोराला दाखला हवा, कुणाला नागावच्या होमस्टेमध्ये चिकटवून हवं, कुणाच्या सुनेला दवाखान्यात कुणीतरी ओळखीचं हवं. सरांच्या तोंडात दोनच शब्द. जमवून घेऊ.

आणि जमवायचेही हो! कबड्डीला संघ निघाला की टेंपोत खेळणाऱ्यांच्या दुप्पट पोरं. मी ओरडले की म्हणायचे, "जाऊ द्या ना ठाकूरबाई, बसतील दाटीवाटीनं, कुणाचं काय जातंय?" मिनिडोर रिक्षेत स्वतः मागे लटकून जाणार आणि सीट दुसऱ्याला देणार. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? कुणाचं काय जातंय हे कुणी मोजलं नाही, एवढंच.

करोनात शाळा बंद पडली आणि पुन्हा उघडली तेव्हा पोरं वेगळीच होऊन आली होती. कुणी बोलेना, कुणी ऐकेना. काही तर बाकावर डोकं टेकून दिवसभर तशीच. त्यातली लहान पोरं नववीत पोचली त्या वर्षी मुंबईहून रुचिता मॅडम आल्या. संशोधन करत होत्या. शाळेत समुपदेशन मिळालं तर मुलांच्या भावनिक वाढीत फरक पडतो का, हा त्यांचा विषय. स्टाफरूममध्ये आम्ही हसलो. भावना काय फूटपट्टीनं मोजणार का, बाई? पण पोरगी गुणाची निघाली. दर गुरुवारी भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचनं यायची, दर्या खवळला असला तर एस.टी.नं पनवेलवरून वळसा घालून, पण यायची.

तिनं आम्हाला पद्धत समजावून सांगितली. नववीच्या अर्ध्या मुलांना आत्ता समुपदेशन, उरलेल्यांना दिवाळीनंतर. कोण आत्ता आणि कोण नंतर, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. दोन्ही गटांची तुलना केल्याशिवाय कळणार कसं, की पोरं सावरली ती समुपदेशनानं, की नुसता काळ गेला म्हणून? गणिताच्या बाईला हे लगेच पटलं. मुख्याध्यापक म्हणाले, "चिठ्ठ्या कशाला? आम्ही शिक्षक सांगतो ना, कुणाला गरज आहे ते." तर ती म्हणाली, "सर, जो रडतो तो तुम्हाला दिसतो. न रडणारा कसा दिसेल?" आणि हेही सांगितलं, की दिवाळीपर्यंत थांबता येणार नाही असं कुणी मूल असेल तर मला येऊन सांगा, त्याला मी अभ्यासाच्या बाहेर वेगळा वेळ देईन. म्हणजे सोय होती. हे मी मुद्दाम सांगतेय. सोय होती!

चिठ्ठ्यांवरची नावं वाचायचं आणि मुलं सांभाळायचं काम अर्थातच घरतसरांच्या गळ्यात पडलं.

सगळ्या वर्गासमोर चिठ्ठ्या निघाल्या. निकेतचं नाव निघालं. निकेत म्हणजे मागच्या बाकावरचा हसरा पोरगा. बोलावलं की हजर, रागावलं की हसणार, पेपरात काठावर पास. बाप कंटेनरच्या गाडीवर, आठ-आठ दिवस बाहेर. गाडी दारात लागली की त्या घरातून काय आवाज यायचे ते अख्ख्या आळीला ठाऊक होतं. ठाऊक असून कुणी त्या घराची कडी वाजवली? नाव नको. नवरा-बायकोचं भांडण म्हणून सगळ्यांनी आपापले टीव्ही मोठे केले.

अमिषाचं नाव मात्र निघालं नाही. या पोरीची आई घर सोडून गेली होती. वर्गात बसल्या-बसल्या तिची दातखीळ बसायची, मुठी वळायच्या, मग आम्ही बायका कांदा हुंगवायला धावायचो. आजीनं भगताकडचे दोरे बांधून झाले, चौलच्या देवळांत नवस बोलून झाले. ही आजी म्हणजे आवडाबाई, घरतसरांच्या बायकोची मावशी. ती दुसऱ्या दिवशी सरांच्या ओट्यावर येऊन बसली. "दत्ता, तू हायस म्हणून आले. माझ्या नातीचं तेवढं बघ." आणि पदर डोळ्याला.

आता सरांनी काय करायला हवं होतं? मॅडमना जाऊन सरळ सांगायचं, या मुलीला वेगळा वेळ द्या. एका वाक्याचं काम! पण आपल्याकडं सरळ मागायची सवय कुणाला आहे? ओळखीनं मधे घुसवायची सवय. सरांना वाटलं, मुंबईच्या बाईला कशाला जास्तीचा त्रास? आपल्या हातातलं आहे तर जमवून घेऊ. त्यांनी मॅडमना सांगितलं, नावं वाचताना गफलत झाली, निकेतच्या जागी अमिषा हवी. मॅडमना पोरांचे चेहरेही अजून ठाऊक नव्हते. त्यांनी सरांवर विश्वास ठेवला.

निकेतला सरांनी मैदानावर गाठलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू शहाणा पोरगा. दिवाळीनंतर तुझा नंबर पक्का. आत्ता अमिषाला जाऊ दे." तो "चालंल सर" म्हणाला आणि चेंडूमागं पळाला. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढं सरांनीच सांगितलं.

अमिषा सुधारली. खोटं कशाला बोलू? ती दातखीळ थांबली, पोरगी डबा खायला लागली. आवडाबाईनं शाळेत नारळाच्या करंज्या वाटल्या. घरतसर त्या खाऊन असे खूश, जसं काही औषध त्यांनीच दिलं.

गणपती गेले आणि निकेत खाडीत सापडला.

पोलिसांनी पाय घसरला असं लिहून घेतलं. बापानंही तेच धरून ठेवलं. खाडीच्या काठाला लहानाचं मोठं झालेलं पोर, त्याचा पाय घसरतो होय? आम्ही सगळे स्मशानातून परत येताना एकमेकांकडं न बघता चाललो होतो. वर्गात त्याचं बाक तसंच ठेवलं, तर पोरं त्याच्या आजूबाजूलाही बसेनात.

रुचिता मॅडम आल्या, स्टाफरूममध्ये बसून खूप रडल्या. म्हणाल्या, "तो थांबणाऱ्या गटात होता. चिठ्ठी इकडची तिकडं झाली असती तर..." मुख्याध्यापक लगेच म्हणाले, "ज्याचं-त्याचं नशीब. यात कुणाचा दोष नाही." मी सहज घरतसरांकडं पाहिलं. माणसाच्या तोंडावर रक्त म्हणून नव्हतं.

पाण्याच्या टाकीमागं त्यांनी मला सगळं सांगितलं. मी काय-काय बोलले ते आठवून आता मलाच लाज वाटते, पण तेव्हा जीभ आवरली नाही. "कुणाचं काय जातंय म्हणता ना? बघा, कुणाचं काय गेलं ते!" त्याच दिवशी त्यांनी मॅडमनाही सांगितलं. त्या पोरीनं सामान आवरलं आणि संध्याकाळच्या लाँचनं गेली. संशोधन तिथंच बंद पडलं.

मॅडमकडून मुख्याध्यापकांना कळलंच. त्यांनी सरांना आणि मला आत बोलावलं, दार लावून घेतलं. म्हणाले, "झालं ते झालं. आता हे या चार भिंतींबाहेर जायचं नाही. शाळेचं नाव आहे, तुमचं पेन्शन आहे." सर हो म्हणाले. नाही म्हणणं त्यांना कुठं येतं?

पण निकेतची आई सगुणा रोज निरोप पाठवायला लागली. मना त्या मुंबईच्या बाईंना भेटायचं हाय. पोरांबरोबर निरोप, भाजीवालीबरोबर निरोप. मुख्याध्यापक म्हणाले, त्या आता येत नाहीत, असं सांगून टाका. मग एकदा आवडाबाईच सांगत आली, सगुणा अन्न गिळत नाही, चुलीपुढं बसून नुसती स्वतःच्या तोंडात मारून घेते. ते ऐकून घरतसर उठले. मला म्हणाले, "बाई, चला माझ्याबरोबर. एकट्याच्यानं होणार नाही."

मी गेले. वाटेत त्यांना म्हटलं, "सर, सांगितलंत तर नोकरी जाईल. गाव दारात उभं करणार नाही." ते म्हणाले, "जाऊ दे."

सगुणा ओटीवर बसली होती. नवरा गाडीवर गेला होता. अंगावर चिमूटभर मांस राहिलं नव्हतं बाईच्या. आम्हाला पाणी दिलं आणि मग सरांपुढं हात जोडले.

"सर, मना एकच इचारायचं हाय. माझा निकेत त्या बाईंकडं काय बोलला का? एक शब्द तरी?"

उत्तराची वाट न बघता तीच पुढं बोलत राहिली.

"चिठ्ठी निघाली त्या दिशी पळत आला. आई, माझं नाव आलं! म्हणतो कसा, आई, तिथं सगळं सांगायचं का? पप्पांचं पन? मी म्हटलं, खबरदार. घरातलं भाईर न्यायचं न्हाय. जीव गेला तरी न्हाय." तिनं तोंडावर हात मारून घेतला. मी तो धरला. "म्हणून त्यो गप राहिला, बाई. दर गुरुवारी त्या बाईंसमोर बसला आणि गप राहिला. मीच त्याचं तोंड बांधलं. मीच मारला माझ्या पोराला."

"नाही वहिनी," सर म्हणाले. "तो गप नाही राहिला. तो आत गेलाच नाही."

मग त्यांनी सांगितलं. अमिषाचं नाव सांगितलं, आवडाबाईचं सांगितलं नाही. चिठ्ठीत निकेतच निघाला होता आणि मी त्याला काढला, असं सरळ सांगितलं. मला वाटलं, ही आता अंगावर धावून जाईल. जावं, असंही वाटलं. पण ती नुसती सरांकडं बघत राहिली, काहीतरी जुळत नसल्यासारखी.

"आत गेलाच न्हाय?"

"नाही."

"मग दर गुरुवारी उशिरा कसा यायचा? यायचा आणि मना शिकवायचा. आई, पोटावर हात ठेव, सावकाश श्वास घे. पप्पा वरडायला लागले का असा घेत जा, बाईंनी सांगितलंय. माझा हात धरून शिकवायचा, सर. आत गेला न्हाय तर त्याला ते कुणी शिकवलं?"

घरतसर ओटीच्या कडेवर खाली बसले.

"खोलीबाहेर पायरीवर बसायचा," ते म्हणाले. "पोरं बाहेर आली की एकेकाला विचारायचा, आज काय सांगितलं, काय सांगितलं. मॅडम म्हणाल्या होत्या, आतलं बोलणं बाहेर ऐकू जाता कामा नये. म्हणून दर गुरुवारी मी त्याला तिथनं उठवून घरी हाकलायचो."