कौल पडायच्या आधी उठले

अठरा वर्षं मी अतिदक्षता विभागात नर्स होते. मशीन ओरडलं की धावायचं, हात चालवायचे, विचार नंतर. मला ते मानवलंही होतं. मग एकदा विष घेऊन आलेली एक मुलगी आम्ही वाचवली आणि घरी पाठवली. सहा महिन्यांत ती पुन्हा त्याच खाटेवर आली आणि या खेपेला वाचली नाही. पहिल्या खेपेला तिचं पोट धुतलं, रक्त तपासलं, सलाईन लावलं, पण "का गं असं केलंस?" एवढं काही आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. ते काही केल्या मनातून जाईना.

म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी मानसोपचार नर्सिंगचं शिक्षण घेतलं, नोकरी सोडली आणि लोणावळ्याच्या बाजारात एक खोली घेतली. औषध लिहून देण्याचा अधिकार मला नाही, त्यासाठी तळेगावच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंशी बोलून ठेवलं. बाहेर ठसठशीत अक्षरांत पाटी लावली: 'मानसिक आरोग्य केंद्र'. रस्त्याच्या दोन्ही टोकांनी दिसावी म्हणून मुद्दाम मोठी करून घेतली होती. पाच महिने झाले तरी कुणी फिरकलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "तुझ्या दवाखान्यात माश्याच तेवढ्या निवांत बसतात." मी हसायचे, पण आतून खचत चालले होते. जुन्या इस्पितळातून निरोप आला होता, परत येताय का म्हणून.

शेवटी सासूबाईंच्याच सांगण्यावरून एका मंगळवारी सकाळी मळवलीच्या वरच्या अंगाला असलेल्या वाघजाईच्या देवळात कौल लावायला गेले. माझी श्रद्धा तेव्हा बेताचीच होती. खरं सांगायचं तर देवीवर रागच होता. आमच्याकडे देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, आणि पडेपर्यंत जागचं उठायचं नाही. "परत नोकरीवर जाऊ का?" एवढंच मी मनात विचारलं. गुरवभाऊंनी पाकळ्या लावल्या आणि मी बसले.

तासभर झाला तरी पाकळी हलेना. मला असं बसायची सवय नाही. इस्पितळात एवढ्या वेळात माझे चार पेशंट बघून झाले असते. बाजूला माझ्यामागून कौल लावायला आलेली साठीची एक बाई भिंतीला टेकून बसली होती. मी काही विचारलं नव्हतं. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून नुसती तिच्याकडे बघत होते, आणि तीच बोलायला लागली.

"सुनंला भगताकडं न्यावं का, ते इचारायचंय देवीला," ती म्हणाली. "बाळंत हून म्हैना झाला. पोराकडं बगत न्हाई. जेवत न्हाई, झोपत न्हाई. ल्योक तुंगार्लीला बंगल्यावर राखणीला, त्याला सुट्टी न्हाई. काल म्हनली, आत्या, माज्याबिगर बी वाढंल हे पोर."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी तिच्याजवळ सरकले. बाळंतपणानंतर मन असं खचतं, ते दुखणं असतं, आणि असं बोलणाऱ्या बाईला एकटं सोडायचं नसतं.

"मावशी, तिच्याजवळ आत्ता कोण आहे?"

"शेजारीन बसलीय."

मी कोण ते सांगितलं आणि म्हणाले, आजच्या आज तिला माझ्याकडे आणा. तिने नाही म्हणून मान हलवली. "तुमची पाटी बगितलीय मी. त्या पाटीखालनं सून नेली तर गाव काय म्हनंल? तिच्या माह्यारी कळलं तर?" मग अगदी सहज म्हणाली, "तुमीच या की घरला. बाळंतविडा घिऊन या. बाळंतिनीला बगाय आलेल्या बाईला कोन काय म्हनतंय?"

पाच महिने मी ज्यावर डोकं आपटत होते, ते त्या माउलीने बसल्या जागी सोडवलं. मी उठले. गुरवभाऊ म्हणाले, "ताई, कौल पडायच्या आदी उठत न्हाईत." मी देवीला हात जोडले आणि उठलेच. मागं काय पडलं, ते आजवर विचारलेलं नाही.

फाट्यावरच्या दुकानातून झबलं-टोपडं आणि अळिवाचे लाडू घेतले आणि मावशींबरोबर त्यांच्या घरी गेले. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी लाडू जवळ ठेवला आणि बाळाला मांडीवर घेतलं. मग सरळ विचारलं, "जीव नकोसा झालाय का गं?"

तिने वळून पाहिलं. "व्हय," म्हणाली, आणि रडायला लागली. "आजवर कुनी इचारलंच न्हाई." दारात उभ्या मावशी आत येऊन तिच्याजवळ बसल्या.

त्या दिवशी तिला क्षणभरही एकटं सोडलं नाही. लेकाला बोलावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिला तळेगावच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. औषधं सुरू झाली. मी आठवड्यातून दोनदा जात राहिले. बरं वाटायला महिने लागले, मधे एकदा सगळं पुन्हा ढासळलंही. पण आता ती बाळाला नाव घेऊन हाक मारते.

ती बाई त्याच मंगळवारी तिथे का आली आणि पाकळी का अडकली, याचा उलगडा करायच्या फंदात मी पडत नाही. एवढं खरं, की मी काहीच करू शकत नव्हते तेव्हाच मला माझं काम दिलं गेलं. पाटी मी उतरवली. मावशींनी कुणाकुणाला काय सांगितलं कोण जाणे, घराघरांतून बाळंतिणींना बघायची बोलावणी येऊ लागली.

परवा परंदवडीचे एक आबा खोलीवर आले. टोपी काढून हातात धरली, बराच वेळ तिच्याशीच चाळा करत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "आमच्यात बाळंतीन कुनी न्हाई, ताई. थोरला ल्योक हाय, चार म्हैने खोलीतनं भाईर आला न्हाई. तरी लाडू घिऊन याल का?"

येते म्हटलं. खोली बंद केली आणि वाटेत वाघजाईच्या देवळाशी थांबले. मागण्यासारखं काहीच सुचलं नाही, नुसतेच डोळे भरून आले. घरी गेले आणि अळीव भिजत घातले.