एकाच कोटातलं गाव

“मान वर, हनवटी खाली.”

काकाजींनी असं म्हटलं की स्टुलावर बसलेला उमेदवार गोंधळायचा. तुम्हीही करून बघा, जमत नाही. पण त्या खटाटोपात माणूस नोकरीची काळजी विसरायचा, आणि नेमकं तेव्हाच काकाजी बटण दाबायचे.

नवेगाव बांधच्या बसस्टॉपजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ आणि त्याला लागून माझं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान. मधे एक पत्र्याची भिंत. त्यांचं सगळं मला ऐकू यायचं आणि माझं त्यांना.

स्टुडिओत एक निळा कोट होता. एकच. फॉर्मचा फोटो काढायला येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर तो चढायचा. सडपातळ पोराला ढगळ व्हायचा, मग काकाजी पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावत. जाड्याला तो व्हायचाच नाही, त्याला नुसता पुढून पांघरत. मुलींनाही तोच, टाय काढून. समोरून बघितलं तर सगळे साहेब, मागून बघितलं तर दोरीवरची धुणी.

कोणी हसलं की काकाजी डाफरायचे. “दात काऊन दाखवते गा? साहेब नोकरी देऊन राहिला, पोरगी नाही.”

एकदा गावातले सात जण नागपूरला एका कंपनीत मुलाखतीला गेले. तिथल्या साहेबांनी सातही फॉर्म टेबलावर मांडले. तोच कोट, तोच टाय, खिशावरचा तोच शाईचा डाग. “तुम्ही आधी एकाच ठिकाणी कामाला होता का?” साहेबांनी विचारलं. एकाने “हो सर” म्हणून ठोकून दिलं. चार जण लागले. काकाजी सांगायचे तेव्हा कधी पाच व्हायचे, कधी सहा.

लागलेल्यांसाठी एक भिंत होती. प्रत्येक फोटोची एक जास्तीची प्रत काढून काकाजी ड्रॉवरमध्ये टाकत. नोकरी लागल्याचं कळलं की ती प्रत भिंतीवर चिकटायची आणि खाली स्केचपेनने काम आणि ठिकाण लिहिलं जायचं. ‘पोलीस, गडचिरोली’. ‘नर्स, पुणे’. ‘वेल्डर, मस्कत’. हा मस्कतवाला सुट्टीवर आला की आईच्या आधी भिंत बघून जातो, असं काकाजी म्हणत. त्याच्या आईचं म्हणणं वेगळं होतं.

माझाही फोटो त्या ड्रॉवरमध्ये होता. वनरक्षकाच्या भरतीसाठी काढलेला, बावीस वर्षांचा असताना. मग तलाठी झालं, रेल्वे झाली, पोस्ट झालं. स्वतःचे फॉर्म भरता भरता मी इतका तरबेज झालो की लोक आपले माझ्याकडून भरून घेऊ लागले. त्याचंच दुकान झालं, आणि वय निघून गेलं. लोकांना नोकऱ्या लावणारा मीच बेकार, असं मी हसून सांगायचो. पण खरं सांगतो, मला त्या भिंतीकडे बघवत नसे. स्टुडिओत गेलो की कॅमेऱ्याकडे बघून बोलायचो.

“काकाजी, माझा तो फोटो फेकून द्या ना,” एकदा मी म्हटलंच.

“कायले? तुले खायले मागून राहिला का तो?”

मग मोबाईलवरच कोट चढू लागला. पोरं घरीच फोटो काढत, ॲपमधला काळा कोट घालत आणि थेट माझ्याकडे येत. “त्या कोटाले चिमटे नाही टोचत,” काकाजी म्हणायचे. “टोचल्याबिगर माणूस ताठ बसन कसा?” मी ते फोटो अपलोड करायचो. पत्र्यापलीकडे काहीच आवाज नसायचा आणि मला लाज वाटायची.

एका दुपारी ते माझ्या दुकानात येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. “आता माझा भर.”

नागपूरच्या एका दवाखान्यात रखवालदार हवे होते. काकाजी पंचावन्नचे. मी फॉर्म उघडला.

“अनुभव काय लिहू?”

“लिही, तीस वर्सं लोकायवर नजर ठेवली.”

फोटोसाठी आम्ही पलीकडे गेलो. अख्ख्या गावाला घातलेला कोट त्यांनी स्वतः कधीच घातला नव्हता. मी मागून चिमटे लावले आणि कॅमेऱ्यामागे उभा राहिलो.

“मान वर, हनवटी खाली.”

“म्हणजे कसं गा?” त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

मला हसू फुटलं, मग त्यांनाही, आणि मी बटण दाबलं. फोटोत दात आले. “राहू दे,” ते म्हणाले. जास्तीची प्रत त्यांच्याच नियमाने ड्रॉवरमध्ये गेली.

महिन्याभराने बोलावणं आलं. जाताना स्टुडिओची किल्ली माझ्या हातात दिली. “लागलो तं लावजो.”

आठवड्याने फोन आला. “लागलो, बाबू. वर्दी भेटली. मापाची हाये, चिमटे नाही लागले.”

मी लगेच जाऊन शटर वर केलं. ड्रॉवरमधून त्यांचा फोटो काढला. हात गेलाच होता म्हणून माझाही शोधला. तो नव्हता. मग किती वर्षांनी कोण जाणे, मी भिंतीकडे नीट बघितलं.

मस्कतच्या शेजारी मी होतो, निळ्या कोटात. फोटोच्या कडा पिवळ्या पडलेल्या, म्हणजे कालपरवा लावलेला नव्हता. खाली लिहिलं होतं, ‘फारमवाला, इथंच’.

त्याच्या बाजूला मी काकाजींचा दात दिसणारा फोटो चिकटवला आणि स्केचपेन शोधू लागलो.