तेल कोमट होईपर्यंत

डब्याला मनगट लावून तो म्हणायचा, "थांबा. तेल अजून झोपेत आहे."

आरमोरीच्या राइस मिलमधला आमचा इंजिनवाला. मी तिथंच हमाल होतो. विजेची लाइन सदा गेलेली, म्हणून मिल इंजिनावर चाले. डिझेल महागलं तसं मालकानं करंजीच्या तेलाचं बायोडिझेल आणलं. तुम्ही कोणी हाताळलं असेल तर ठाऊक असेल, थंडीत ते घट्ट होतं. तसंच इंजिनात गेलं की नीट जळत नाही, नुसता काळा धूर ओकतं. तो धूर सरळ माझ्या घरात. मिलची भिंत तीच माझी भिंत.

माझ्या बायकोला दमा. गडचिरोलीचा डॉक्टर म्हणाला, धुरापासून दूर ठेवा. मी इंजिनवाल्याला म्हटलं, "दूर म्हणजे कुठी नेऊ तिले? घराले चाकं आहेत का?"

दुसऱ्या सकाळी तो लवकर आला. धान उकडायच्या गरम पाण्यात तेलाचा डबा ठेवून बाजूला बसून राहिला. तेल कोमट झालं, पातळ झालं, मग त्यानं इंजिन चालू केलं. धूर होता, पण विरळ. त्या दिवशी बायको दारात बसून तांदूळ निवडू शकली.

मग रोजचंच झालं. मालक ओरडे, "काऊन बसून राह्यला बे?"

"तेलाले उठू द्या, मालक."

बायको त्याला चहा नेऊन देई, वर टोमणाही. "भाऊ, घरच्या बाईले एवढं जपता का?"

"ती गरमच असते, बाई. तिले थंड करा लागते."

ती हसायची. हसता हसता खोकला लागायचा, आणि इंजिनवाला गुन्हा केल्यासारखा इंजिनाकडे पाहायचा.

पौषात ती गेली. धुरानं नाही, तापानं. हे मी त्याला आपणहून सांगितलं. त्याच्यानं विचारवत नव्हतं.

तिला पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या सकाळी मिलकडे गेलो. इंजिनवाला डबा गरम पाण्यात ठेवून बसलेला.

"आता कोणासाठी?" मी कडूच बोललो.

त्यानं मनगट डब्यावरून काढलं नाही. "हाताले माहीत नाई ना अजून, भाऊ."

पुढं तोही वारला. आता नवा माणूस येतो, थंडच तेल ओततो आणि हँडल मारतो. धूर दारातून आत येतो. माझा हात कडीकडे जातो. मग रिकामी खाट दिसते, आणि दार मी तसंच उघडं सोडतो.