खंडेनवमीला तिचा फोटो

बायको गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मुलगी लालबागला घरी आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "बाबा, आईचा फोटो उद्या वर्कशॉपला पाहिजे. पूजेला."

"मिळणार नाही," मी म्हटलं. "घरात आता तेवढीच आहे ती."

मुलगी इंजिनीयर. टाकीत पाणी किती उरलं ते मोबाइलवर सांगणारी डबी बनवते. नवा उद्योग काढणाऱ्या बायकांना हात देणारी एक संस्था आहे. त्या संस्थेने लोअर परळला पोरीला खोली दिली, यंत्रं दिली, धंद्याचं शिकवायला माणसं दिली. कामालाही सगळ्या पोरीच. मी चौथी शिकलेला, त्यातलं मला काय कळणार? एवढं कळतं की गिरण्या बसल्या तेव्हा आम्हाला कोणी चहासुद्धा विचारला नव्हता. पोरींचं चांगलं चाललंय, चालू दे. पण पोटात दुखतं ते दुखतं.

जास्त दुखतं ते बायकोपायी. मी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कापड विणायचो. खंडेनवमीला यंत्रांची पूजा, तेव्हा घरच्यांना गिरणीत सोडायचे. लग्नाच्या वर्षी हिला कौतुकाने घेऊन गेलो. साच्याला झेंडूची माळ घातली, मुकादमाला विनवून जरासा चालू करून दाखवला. ही कानात बोटं घालून बाहेर! "तुमचो साचो तुमकाच लखलाभ!" परत कधी आली नाही.

आणि हीच बाई म्हातारपणी लेकीच्या वर्कशॉपला जाऊ लागली. आधी डबा पोचवायला, मग तिथेच बसायला. भिंग लावून त्या डबीतल्या तारा जोडायला शिकली. घरी आली की आज काय जमलं, काय जळलं तेच पुराण. भिंतीवरचा फोटोही तिथल्याच एका पोरीने काढलेला. त्यात ती तोंड भरून हसतेय. माझ्यासोबतच्या एकाही फोटोत ती अशी हसलेली नाही. मी ट्रंक उपसून बघितलं.

"तिथे तिची जागा होती, बाबा," मुलगी म्हणाली.

"आणि इथे नव्हती?"

"होती की. मोरीजवळ."

तोंडाने पोरगी माझ्यावर गेलीय. मी म्हटलं, "फोटो मी आणीन, माझ्या हाताने. आणि पूजा झाली की घेऊन येईन."

दुसऱ्या दिवशी फोटो धोतरात गुंडाळून गेलो. टेबलावर पाने, पकडी, सोल्डरिंगच्या कांड्या मांडल्या होत्या, सगळ्यांना हळदकुंकू. एक पोरगी पुढे आली. "काका, मावशीला तिच्या खुर्चीवर ठेवा." मावशी म्हणे! माझ्या बायकोला नातं लावून मोकळ्या.

मग आठवणी निघाल्या. दुसरी म्हणाली, "काका झोपेत साचा चालवतात ना? मावशी करून दाखवायची. असे हात, असे!"

तिने हात हलवले. बरोबर साच्यातला सुताचा धोटा बदलल्यासारखे. गिरणी सुटून जन्म गेला, तरी मी झोपेत साचा चालवतो हे मला ठाऊक नव्हतं. बायको शेजारी जागी राहून बघत होती. मला कधी बोलली नाही, या पोरींना सांगून हसवत होती. सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. हे तिने मला सांगायला हवं होतं.

आरती झाल्यावर मी फोटोला हात घातला. मुलगी म्हणाली, "बाबा, मांडलेली पूजा दसऱ्याच्या आधी हलवत नाहीत. गिरणीत हलवायचे?"

नव्हते हलवत. मी बाजूची खुर्ची ओढली, फोटोला लागून बसलो.

"आता काय?"

"मी पण उद्याच हलेन."

"अहो बाबा, रात्री पंखा बंद करतात इथे. डास आहेत."

"असू देत. तू वॉचमनला सांगून ठेव, आणि घरून माझी चादर आण."

पोरी एकमेकींकडे बघत राहिल्या. बघू देत. तिला एकटीला त्यांच्यात ठेवून मी घरी जाणार नव्हतो.