कुंता मशीनवर हाये

कोहमाऱ्याजवळच्या गावात कुंताच्या घरी ‘मशीन’ म्हणजे एकच, डायलिसिसचं. किडन्यांनी हात टेकले तेव्हापासून ती नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गोंदियाला जायची, डाव्या हातात दोन जाड सुया टोचून घ्यायची आणि परत आली की स्वतःच चूल पेटवायची. कोणी ‘बिचारी’ म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. “बिचारी कोनाले म्हनतेस व? सुई मले टोचते, अन् रडून तू राहिली!”

कोरोनाची दुसरी लाट आली, शाळेत लसीकरण लागलं, आणि गावाने दारं लावून घेतली. लस घेतली की माणूस जातो म्हणे! कोणी पाहिलं होतं? कोणीच नाही. पण बोलत सगळेच होते. कुंताने मात्र दवाखान्यात शेजारची खाट रिकामी झालेली पाहिली होती. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, “लस घ्याच. पण डायलिसिसवाल्यांच्या अंगात तिची ताकद कमी तयार होते. म्हणून आजूबाजूच्यांनीही घ्यायला हवी, नाहीतर त्यांच्याकडून आजार तुमच्यापर्यंत येईल.”

पहिल्या दिवशी शाळेत कुंता एकटीच. लस टोचणाऱ्या प्रेमिला सिस्टरपुढे तिने उजवा दंड केला. “हा घे. डावा मशीनचा हाये, त्याले हात लावजो नोको.”

गाव कुंपणाबाहेरून बघत होतं. तिची मोठी जाऊ पुष्पाबाई, शुगरने आणि दम्याने बेजार झालेली, तिथूनच ओरडली, “उद्या कुंता धडधाकट असली तं मी पयली!” गावानेही तोच शब्द धरला.

दुसऱ्या दिवशी नेमकी मशीनची पाळी. इकडे शाळेपुढे रांग लागली, पुष्पाबाई सगळ्यात पुढे. किराणावाल्या इंद्रकुमारला धीर कुठला! त्याने कुंताच्या नवऱ्याला, लक्ष्मीचंदला फोन लावला. “भाऊ, वहिनी कशी हाये?”

“मशीनवर हाये. मंग बोलतो,” म्हणून लक्ष्मीचंदने फोन ठेवला. माणूस मुळातच बोलायला कंजूष.

झालं! त्या साली टीव्हीत मशीनवर, म्हणजे व्हेंटिलेटरवर, गेलेला माणूस परत येत नव्हता. “कुंता मशीनवर गेली बाप्पा!” इंद्रकुमार बोंबलला आणि रांग पांगली. पुष्पाबाईला मशीन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं होय? चांगलं ठाऊक होतं. पण भीतीपुढे अक्कल चालते कुठं? तिनेही घर गाठून आपल्या खोलीला आतून कडी लावली.

दुपारी मोटारसायकल दारात थांबली तेव्हा शेजारची शामकला अंगणात गळा काढून बसली होती.

“काऊन व, कोन मेलं?” कुंताने विचारलं. शामकलाने रडणं सोडून रांग कशी पांगली ते सांगितलं. कुंता आधी नवऱ्यावर भडकली, मग इंद्रकुमारवर, मग अख्ख्या गावावर. तिकडे शाळेत प्रेमिला सिस्टर लसीचा डबा बंद करत होती. पुष्पाबाईसोबत ती एकाच चुलीवर रांधत होती. आजार आला तर त्याच चुलीशी येणार होता.

तिने पुष्पाबाईच्या खोलीचं दार ठोठावलं. “बाई, मशीनवर गेली होती, मशीनवरून आली. आपली नेहमीचीच मशीन!”

कडी निघाली नाही तशी कुंता दाराला तोंड लावून बोलली. “बाई, माह्या अंगात लस अर्धीच लागते म्हनतेत. बाकीची अर्धी तुमच्या दंडात ठेवाची हाये. ठेवता का नाही?”

कडी वाजली. पुष्पाबाई डोळे पुसत बाहेर आली. “चाल. पन हात धर माहा.”

डाव्या हाताला पट्टी, उजव्या हातात जाऊ, अशी कुंता गल्लीच्या मधोमध चालत गेली, मान ताठ. लोक दारातून बघत राहिले, आणि मग एकेक करून मागे येऊ लागले. सिस्टरने डबा पुन्हा उघडला.

पुढच्या हिवाळ्यात कोरोना घरात शिरलाच. तोवर दोघींचे दोन्ही डोस झाले होते. कुंता तापाने फणफणली, खोकली, पण मशीनची पाळी चुकवली नाही आणि पुन्हा चुलीपुढे येऊन बसली. पुष्पाबाई तर दोन दिवस कण्हून उठली.

मग उन्हाळ्यात बूस्टर आला. रांगेत पुष्पाबाई सगळ्यात पुढे. सिस्टरने विचारलं, “कुंताबाई कुठंय?”

“मशीनवर हाये!” पुष्पाबाई अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशी बोलली. रांगेतलं कोणी जागचं हललं नाही. तिने पदर सारून दंड पुढे केला. “तिची अर्धी माह्यापाशी असते. टाक.”